हिरडा, गंज आणि गूळ

लग्नात, अकिक्याला किंवा नव्या घराच्या दावतीला हाताने लिहिलेली खत्तातीची फ्रेम भेट देण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. बहुतेक वेळा आपल्याच घरातल्या मुली ती तयार करतात, मोबाइलवरून ऑर्डर घेतात आणि त्यातून कॉलेजच्या फीला हातभार लागतो. अलीकडे त्यांच्या जाहिरातीत एक शब्द हमखास दिसतो : ‘नैसर्गिक रंग’. पार्श्वभूमी हळदीची, गुलाबी छटा बिटाची, जांभळी जास्वंदीची. कडेला वाळू, चहाचा चोथा नाहीतर नारळाचा काथ्या चिकटवून आणलेला खडबडीतपणा. दिसायला सुरेख असते. लोक कौतुकाने घेतात आणि हॉलमध्ये, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावतात.

पुढच्या रमजानपर्यंत त्यातली हळद उडून गेलेली असते. बीट त्याच्याही आधी गेलेले असते.

घेणारा तक्रार करत नाही, कारण भेट होती. करणाऱ्या मुलीला कळतच नाही, म्हणून ती पुढची फ्रेमही हळदीनेच रंगवते. ज्या वस्तूचे आपण पैसे घेतो तिचे पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असायला हवे, इतकी साधी ही बाब आहे. आणि ते ठाऊक करून घेण्यातच या कामाची खरी गंमत आहे, असे मला वाटते. निसर्गातली वस्तू कागदावर किंवा कापडावर आली म्हणजे तिचे काम संपले असे होत नाही. हळद उडत राहते, लोखंड गंजत राहते, तुरटी रंगाला धरून ठेवते. दुकानातल्या ट्यूबमधला रंग बनवणाऱ्याने आधीच तपासलेला असतो. इथे तपासणी आपल्याकडे आली.

हळदीपासूनच सुरुवात करू, कारण तिचा स्वभाव प्रत्येक घराला माहीत आहे. पांढऱ्या कुर्त्यावर सालन सांडले आणि अम्मीने त्यावर साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो. घाबरण्यासारखे काही नसते. साबणातला क्षार हळदीला लागला की ती लाल होते, चुन्यानेही होते. तोच कुर्ता धुऊन कडक उन्हात टाकला की संध्याकाळी डाग फिकट झालेला असतो. म्हणजे हळद उन्हात टिकत नाही, हे आपल्या घरातल्या बायका कपडे वाळत घालताना कायमच पाहत आल्या आहेत. तीच हळद फ्रेममध्ये गेली की मात्र आपण ते विसरतो.

मेंदीचे उलट आहे. तळहातावर आणि केसांवर ती घट्ट बसते, कारण तिच्यातले रंगद्रव्य त्वचेतल्या आणि केसांतल्या प्रथिनाला चिकटते. लोकर आणि रेशीम ही प्रथिनेच, म्हणून त्यांच्यावरही चांगली उतरते. सुती कापडावर आणि कागदावर ती तशी पकड घेत नाही, नुसता तपकिरी थर राहतो. ईदच्या आदल्या रात्री उरलेली मेंदी फेकण्याऐवजी रेशमी चिंधीवर आणि सुती चिंधीवर सारखीच लावून पाहा. सकाळी दोन्ही धुतल्यावर जो फरक दिसेल तो पुस्तकात वाचून लक्षात राहणार नाही.

अशा प्रत्येक रंगाची एकच सोपी परीक्षा आहे. रंगवलेल्या कागदाची किंवा कापडाची पट्टी घ्यायची, तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकायचा आणि दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत लावून ठेवायची. तारीख लिहायची. एक महिन्याने पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे भाग शेजारी शेजारी पाहायचे. माझ्या खिडकीत अशा पट्ट्या कायम असतात. येणाऱ्या पाहुण्यांना त्या कसल्यातरी चिंध्या वाटतात, वाटू देत. बीट, जास्वंद आणि हळद या पट्ट्यांवर झाकलेल्या आणि उघड्या भागांत सरळ रेष उमटते. डाळिंबाच्या सालीची पट्टी तुरटी लावलेली असेल तर बरीच तग धरते. काथाचा तपकिरीही टिकतो. आणि एक पट्टी अशी आहे जिच्यावर मला काहीच फरक दिसला नाही. ती काळी आहे. हिरडा आणि लोखंड यांची.

या काळ्यासाठी लागणाऱ्या वस्तू फुकटच्या म्हणाव्या अशा आहेत. हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. आपल्या सह्याद्रीतच तो होतो, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा गोळा करण्यावर अनेक आदिवासी कुटुंबांची मिळकत चालते. लोखंड म्हणजे गंजलेले खिळे, तुटकी बिजागरी, सुतारकामातले उरलेले तुकडे. तिसरा गूळ.

एका काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत पाव किलो गंजके लोखंड, साधारण शंभर ग्रॅम गूळ, चमचाभर बेसन आणि लिटरभर पाणी घालून ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. दोन-चार दिवसांत ते आंबू लागते, वास येतो, वर फेस धरतो. पंधरा ते वीस दिवसांत पाणी गढूळ तपकिरी होते. आंबण्यातून तयार झालेल्या आम्लाने लोखंड पाण्यात उतरलेले असते. तोपर्यंत सुती कापड तयार करा. कोऱ्या कापडाला खळ असते, ती काढायला धुण्याच्या सोड्यात कापड उकळून स्वच्छ धुवा. मग शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरड्याची पूड या बेताने कोमट पाण्यात पूड कालवून त्यात कापड तासभर भिजवा, पिळा आणि न धुता उन्हात वाळवा. कापड फिकट पिवळसर होईल. त्यात काही विशेष दिसणार नाही.

आता गाळलेल्या लोखंडाच्या पाण्यात बोरू किंवा कुंचला बुडवून या कापडावर एक रेघ ओढा. पहिल्या क्षणी ती पातळ, करडी दिसते. नजर न हटवता बघत राहा. काही सेकंदांत ती गडद होऊ लागते, आणि वाळेपर्यंत निळसर काळी होते. हिरड्यातल्या तुरटपणाला लोखंड भेटले आणि त्यांना हवा लागली की हा काळा रंग कापडाच्या धाग्यातच तयार होतो. तो वरून लावलेला नसतो, म्हणून धुतला तरी जात नाही. माझ्या भाचीने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, “खाला, रंग आपण कुठे लावला, तो तर आपोआप आला.” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते.

पाणी कापडावर पसरते आणि रेघ फुटते, ही पुढची अडचण. त्यासाठी चिंचोक्याची पूड पाण्यात शिजवून खळ करा आणि लोखंडाचे पाणी तिच्यात मिसळा. खळ घट्ट असेल तर रेघ स्वच्छ येते, पातळ असेल तर कडा पसरतात, आणि मुद्दाम पसरू दिल्या तर पावसाळी भिंतीवरच्या ओलीसारखा पोत मिळतो. वाळू चिकटवून आणलेल्या खडबडीतपणापेक्षा मला हा पोत अधिक आवडतो. तो त्या दोन वस्तूंच्या भांडणातून आलेला असतो.

ही कृती माझी नव्हे. कच्छमधले खत्री कारागीर अजरखच्या काळ्या रंगासाठी हेच करतात : घोड्याचे जुने नाल आणि भंगार लोखंड, गूळ, बेसन, आणि छपाईसाठी चिंचोक्याची खळ. हे मुस्लिम खत्री सुमारे चारशे वर्षांपूर्वी सिंधमधून कच्छमध्ये आले आणि धमडका गावी स्थिरावले. गावाजवळच्या नदीचे पाणी धुलाईला चांगले होते, म्हणून त्यांनी ती जागा निवडली. अजरखचे एक कापड पुरे व्हायला पंधरा-सोळा टप्पे लागतात. एरंडेल, खार आणि उंटाच्या लेंड्यांच्या मिश्रणात कापड मुरवणे, हिरड्यात बुडवणे, चुना आणि डिंकाने पांढऱ्या रेघा राखून ठेवणे, लोखंडाचा काळा छापणे, तुरटी छापणे, निळीच्या हौदात बुडवणे, आणि शेवटी मंजिष्ठ किंवा अलिझरीनमध्ये उकळणे. उकळताना जिथे तुरटी छापलेली असते तिथेच लाल चढतो. दोन टप्प्यांमध्ये धुणे आणि वाळवणे आहेच. प्रत्येक धुण्याला पाणी लागते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडक्याची वाताहत झाली. घरे पडली, माणसे गेली. जे वाचले त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला, जो बाहेरच्या माणसाला सहसा सुचणार नाही. जमिनीखालच्या पाण्यातले लोखंडाचे प्रमाण वाढले होते. आता वरचा प्रयोग आठवा. हिरड्यात भिजलेल्या कापडाला लोखंड लागले की ते काळवंडते. धुण्याच्या पाण्यातच लोखंड असेल तर राखलेली पांढरी रेघ मळकी होणार आणि लाल रंग तपकिरीकडे झुकणार. पिण्यासाठी कदाचित ते पाणी चालले असते, अजरखसाठी चालणार नव्हते. म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ जमीन घेऊन नवे गाव वसवले. त्याचे नाव त्यांनी आपल्या कामावरून ठेवले, अजरखपूर. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली आणि तिथेही काम चालू आहे. पाण्यातला एक धातू वाढला म्हणून माणसांनी गाव बदलावे, इतके हे काम वस्तूंच्या स्वभावाला बांधलेले आहे.

हेही सांगायला हवे की खत्रींकडे नैसर्गिक रंग अखंड चालत आले असे नाही. मंजिष्ठेतला लाल घटक, अलिझरीन, १८६९ मध्ये जर्मनीत कारखान्याच्या पद्धतीने तयार करता आला, आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्त आणि झटपट रंग मिळाल्यावर कच्छमध्येही बहुतेकांनी ते धरले. १९७० च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी जुन्या कृती पुन्हा उभ्या केल्या आणि आपल्या मुलांना शिकवल्या. त्यांतले इस्माईल मोहम्मद खत्री यांना पुढे २००३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉंटफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. गुळाच्या आणि गंजाच्या पाण्यातून चालत आलेली ही डॉक्टरेट आहे, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

एवढे कौतुक केल्यावर या काळ्याचा दोषही सांगते. लोखंड थांबत नाही. पहिल्याच परिच्छेदांत म्हटले तसे, ते काम करतच राहते. जुन्या छापील कापडांत सगळ्यांत आधी जिथे जिथे काळा होता तिथलेच धागे जातात, आजूबाजूचा लाल-निळा शाबूत असतो. कागदाच्या बाबतीत हे अधिक ठळक आहे. जुन्या काळी शाई दोन प्रकारची असे. एक काजळीची, दुसरी मायफळासारखी तुरट फळे आणि लोखंडाचे क्षार यांची. अरबीत दोघींना वेगळी नावे होती, ‘मिदाद’ आणि ‘हिब्र’. दुसरी शाई कागदात मुरते, खोडता येत नाही, म्हणून दस्तऐवजांना सोयीची. पण तिच्यात लोखंड आणि आम्ल जास्त झाले तर शेकडो वर्षांनी अक्षराच्या जागी कागदाला भोके पडतात. ग्रंथालयांत अशी पाने आजही आहेत ज्यांच्यात अक्षर गळून गेले आहे आणि त्याच्याभोवतीचा कागद उरला आहे.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : कापडावर, पडद्यावर, पिशवीवर हिरडा-लोखंड खुशाल वापरा, पण लोखंडाचे पाणी सौम्य ठेवा आणि छापल्यावर भरपूर पाण्यात धुवा. कागदावर आयत, दुआ किंवा घरात पिढ्यान्‌पिढ्या राहावी अशी कुठलीही गोष्ट लिहायची असेल तर काजळीची शाई करा.

काजळीला उन्हाचा, हवेचा, काळाचा काही फरक पडत नाही, कारण ती शुद्ध कोळसा आहे. जळून जे व्हायचे ते तिचे आधीच होऊन गेलेले असते. तेलाच्या दिव्यावर मातीची पणती उपडी धरून जमलेली काजळी, भिजवलेला बाभळीचा डिंक आणि पाणी, एवढेच लागते. अवघड आहे ते घोटणे. काजळी पाण्यावर तरंगते, हट्टी असते. खलात डिंकाच्या घट्ट पाण्याबरोबर थेंबाथेंबाने ती मुरवावी लागते, आणि तासाभराने थांबलात तर शाईत कण राहतात. जितके घोटाल तितकी ती बोरूवरून सुरळीत उतरेल. दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा ठेवला की बोरू हवी तेवढीच शाई उचलतो, ठिपका पडत नाही. इस्तंबूलची सुलेमानिया मशीद सिनान या वास्तुकाराने १५५७ मध्ये पुरी केली. तिथे शेकडो तेलदिव्यांची काजळी हवेच्या झोताने प्रवेशद्वारावरच्या एका खोलीत जमेल अशी रचना होती, आणि त्या काजळीची शाई होत असे. भिंती काळ्या होऊ नयेत ही गरज आणि खत्तातांना शाई मिळावी ही दुसरी गरज, दोन्ही एकाच वाऱ्याने भागवल्या.

काजळीची शाई मात्र कागदाच्या वर बसते, ओल्या बोटाने पुसली जाते. त्यामुळे कागद नीट तयार केलेला हवा. हे कामही आपल्या मुलुखातले जुनेच आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद होत आला आहे, मराठी दप्तरांत दौलताबादी आणि जुन्नरी कागदांची नावे येतात, आणि पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. हे बनवणारे कागदी बहुतांशी मुसलमान. त्या कागदावर खळ चढवून तो गुळगुळीत दगडाने घोटला जाई. घरी साध्या हातकागदावर भाताची पातळ पेज चिमूटभर तुरटी घालून फिरवा, सावलीत वाळवा, पुन्हा एकदा फिरवा, आणि मग मोठ्या कवडीच्या पाठीने किंवा काचेच्या पेल्याच्या तळाने दाब देऊन घोटा. कागदाला चकाकी येते आणि बोरू खरखरत नाही. चुकलेले अक्षर ओल्या कापसाने हलकेच उचलताही येते.

पोत म्हणजे काहीतरी चिकटवणे नव्हे, हे मला झरीना हाश्मी यांच्या कामातून नीट कळले. १९३७ मध्ये अलिगढला जन्मलेल्या झरीना यांनी तिथेच गणितात पदवी घेतली, पुढे पॅरिसला ठसेछपाई शिकल्या आणि न्यूयॉर्कला राहिल्या. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. १९७७ च्या सुमारास त्यांनी पांढऱ्या कागदाला सुईने भोके पाडून चित्रे केली. रंग नाही, शाई नाही. एका बाजूने सुई जाते, दुसऱ्या बाजूला कागद किंचित उचलला जातो, आणि त्यावर तिरका उजेड पडला की चित्र दिसते. पुढे त्यांनी कागदाचा लगदा साच्यात ओतून जाड, मातीच्या भिंतीसारखे तुकडे केले. शिवणकामाची सुई आणि ओला लगदा, एवढ्यावर एवढे मोठे काम उभे राहू शकते. आपल्या घरातल्या ज्या मुली भरतकाम करतात त्यांनी एकदा दोरा काढून टाकून नुसती सुई कागदावर चालवून पाहावी.

आता विक्रीचे. फ्रेमच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा. अक्षर कशाने लिहिले, पार्श्वभूमी कशाची, उन्हापासून दूर ठेवावी की नाही, हे दोन ओळींत लिहा. हळद वापरायची हौसच असेल तर वापरा, पण ती फिकट होणार हे तिथे लिहिलेले असू द्या. काही घेणारे ते वाचून जास्त आवडीने घेतात, असा माझा अनुभव आहे. काळासाठी दुकानातली शाई वापरली असेल तर ‘संपूर्ण नैसर्गिक’ लिहू नका. अजरखमध्येही अनेक जण लाल रंगासाठी आज कृत्रिम अलिझरीन वापरतात, आणि जाणता कारागीर विचारल्यावर तसे सांगतो. खिडकीत महिनाभर टिकलेली पट्टी फ्रेमसोबत दाखवता आली तर दोन पैसे अधिक मागायलाही संकोच वाटत नाही.

काही गोष्टी घरातल्या अम्मी आणि दादींसाठी. रंगाची भांडी वेगळी ठेवा, त्यांत पुन्हा स्वयंपाक नको. मोरचूद वापरण्याच्या कृती काही ठिकाणी सापडतील, लहान मुले असलेल्या घरात त्या नकोत. हिरड्याचे डाग फरशीवर पडले तर लगेच पुसा, नंतर त्यावर लोखंडी बादली ठेवली की काळे वर्तुळ उमटते आणि ते सहजी निघत नाही. आणि गूळ-लोखंडाच्या बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘रंग’ असे लिहून ती वरच्या फळीवर ठेवा. दुरून ती थेट काकवीची बरणी वाटते.